उजवी विंग

नाटक मूळचं इंग्रजी, दोनशे वर्षांचं.
आम्ही त्याला नऊवारी नेसवून वॉर्डन रोडला आणलं.
लेडीची बाईसाहेब केली, ड्यूकचा सॉलिसिटर,
पंख्याआडचं हसू पदराआड गेलं.
चहा ओतता ओतता शेजारच्या सुनेचे दिवस मोजणं
तेवढं मात्र होतं तसंच ठेवलं,
भाषांतर करावंच लागलं नाही.

गोष्ट एवढीच:
मोंबासाहून आलेला एक उपवर बहिरेपणाचं सोंग घेतो.
बहिऱ्यासमोर कोण जीभ आवरतं?
त्याच्याच पुढ्यात, त्यालाच करंजी वाढत, बाईसाहेब म्हणतात,
"हा कसला जावई, हा तर जावईशोध!"
सगळे त्याची निंदा करतात.
एकटी हेमांगी त्याच्यासमोर स्वतःची करते.
तिसऱ्या अंकात पार्टिशन कोसळतं, मग काय ते सगळं.

तालमी वडाळ्याला, पोर्ट ट्रस्टच्या हॉलमध्ये.
मी हिशेब खात्यातली तरळे, प्रॉम्प्टर.
उजव्या विंगेत स्टूल, टॉर्चला लाल जिलेटिन.
त्रिलोकेकरांचा दंडक: वाक्य एकदाच द्यायचं,
दुसऱ्यांदा द्यायला आपण काय रेडिओ सिलोन?

बहिरा झाला होता भार्गव मंत्री, क्रेन विभाग.
कुठेही उभा करा,
चार वाक्यांत सरकत सरकत माझ्या विंगेशी.
"मंत्री, मध्यभागी! विंगेत सासर आहे का तुमचं?"
पुढचं कॅन्टीनने लिहून काढलं,
त्याला अंक पाडायचीही गरज पडली नाही.
शालन कोठारे, आमची हेमांगी, मला विचारती झाली, पेढे कधी?
आणि मी, खोटं कशाला सांगू,
अडतिसाव्या वर्षी अबोलीचा गजरा माळू लागले.
विंगेत. अंधारात.

मग एकदा चहाच्या वेळी त्याच्या डावीकडून म्हटलं,
"मंत्री, साखर?"
हूं नाही की चूं नाही.
उजवीकडून किटलीवाला पोऱ्या तेच म्हणाला
आणि मंत्री लगेच वळला, दोन चमचे म्हणाला.

बावीस वर्षं विंचच्या खडखडाटात.
डावा कान कधीच गेलेला,
मेडिकल बोर्डाला कळलं तर नोकरी जाणार.
म्हणजे सोंग होतंच,
फक्त उलटं.
ऐकू येत असल्याचं.
त्याला माझी बाजू हवी होती, मी नव्हे.
गजरा घरी नेऊन देवाला वाहिला.
देवाने तरी काय करावं त्याचं.

स्पर्धेच्या रात्री पार्टिशन वेळेवर पडलं.
बाईसाहेबांनी किंकाळी फोडली, सॉलिसिटरचा चष्मा गेला,
आता बहिऱ्याचं ते एक वाक्य,
ज्याच्यासाठी सगळं नाटक:
"मला पहिल्यापासून सगळं ऐकू येतं!"
मंत्रीचा चेहरा कोरा.
हळूच मान वळली, उजवा कान माझ्याकडे.
वही उघडी होती, टॉर्च चालू होता,
वाक्य डोळ्यांसमोर होतं,
आणि माझ्या तोंडून निघालं,
"मला एका कानाने ऐकू येत नाही."

सवयीने त्याने ते खणखणीत उचललं.
शेवटच्या रांगेपर्यंत.
म्हणून झाल्यावर त्याला कळलं काय म्हटलं ते.

सूड होता की माया, मला अजून ठरवता येत नाही.
शालन क्षणभर लटपटली, मग पदर सावरून म्हणाली,
"मग मी दुसऱ्या बाजूला बसत जाईन."
हॉल कोसळला.
परीक्षकांनी लिहिलं, अनपेक्षित कलाटणी.
रौप्यपदक शालनला.

सेट उतरवताना तो विंगेत आला.
मी टॉर्चचं जिलेटिन सोलत होते.
"तरळेबाई, संहितेत असं नव्हतं."
मी त्याच्या डाव्या बाजूला होते.
तिथूनच काहीतरी बोलले.
"काय म्हणालात?" मिशीला गोंद तसाच,
त्याने अख्खं अंग वळवलं.

दंडक आहे, म्हटलं, वाक्य एकदाच.

मग दिलं पुन्हा.